वाडीच्या स्टेजवर विनोदी मर्डर मिस्ट्री बसवायची असेल तर

आमची वाडी देवगड तालुक्यात, खाडीला लागून. मे महिन्यात वाडीची पूजा असते आणि रात्री नाटक, हे आमच्या आज्यांच्या वेळेपासून चालत आलंय. कौटुंबिक झाली, ऐतिहासिक झाली, मग मागच्या काही वर्षांत दोनदा आम्ही विनोदी खुनाचं नाटक केलं, म्हणजे एक खून, एक गुप्तहेर, पाच-सहा संशयित आणि दोन तास हसाहशी. पहिल्या वेळी फसलं आणि दुसऱ्या वेळी जमलं. आता आजूबाजूच्या मंडळांतली पोरं विचारतात कसं केलंत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

पहिल्या वेळी काय झालं तर पब्लिक मस्त हसलं, आणि शेवटी गुप्तहेराने खुनी दाखवला तेव्हा मांडवात शांतता. मागून कोणीतरी ओरडलं, "ह्या कधी सांगितलात?" सांगितलं होतं हो, पहिल्याच अंकात सांगितलं होतं, पण ते वाक्य नेमकं हशात बुडालं होतं. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, ह्या प्रकारच्या नाटकात पुरावा हशाच्या आधी पडला पाहिजे. आधी पुरावा, स्वच्छ, माईकजवळ, आणि लगेच त्याच्या पाठीवर विनोद. लोक हसतात आणि ऐकलेलं विसरतात, पण ऐकलेलं असतं, त्यामुळे शेवटी आठवतं. हशा चालू असताना बोललात तर कोणी ऐकतच नाही आणि हशा संपल्यावर वेगळं काढून बोललात तर पहिल्या रांगेतलं शेंबडं पोरगंपण ओळखतं की ह्यात काहीतरी आहे.

एक उदाहरण नीट सांगतो. आमच्या दुसऱ्या नाटकात आंब्याचे बागायतदार मरतात, रात्री, घरी सत्यनारायणाची पूजा असते त्या दिवशी. भाचा मध्यरात्रीनंतर येतो, पँट ढोपरापर्यंत दुमडलेली, एका पायात चप्पल. तो म्हणतो, "बाराच्या ठोक्याक खाडी चलत इलंय, ढोपराभर पाणी होता." आणि लगेच पायाकडे बघून रडकुंडीला येऊन, "नवी चप्पल, एकच रवली, दुसरी व्हावत गेली!" चप्पलेवर मांडव फुटतो. पण पुरावा पहिल्या वाक्यात आहे. त्या दिवशी पौर्णिमा आहे. आमच्याकडे मासेमारीवाल्यांचा साधा हिशोब असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती, त्यात पुनवेचं उधाण, बारा वाजता खाडीत ढोपरभर नाही, पुरुषभर पाणी. भाचा खोटं बोलतोय, तो खाडीपलीकडे गेलाच नव्हता.

आणि आज पौर्णिमा आहे हे मुद्दाम कोणी सांगत नाही. स्टेजवर पूजेच्या चौरंगाला बांधलेले केळीचे खांब आहेत, भटजी एन्ट्रीलाच म्हणतो की आज पुनवेच्या सहा पूजा झाल्या, कंबर गेली माझी. बस. नेपथ्य पुरावा सांगतंय आणि लोकांना वाटतं सजावट आहे. तुमच्या गावात खाडी नसेल तर दुसरं काही शोधा, पण गावातल्या माणसाच्या हाडात मुरलेली गोष्ट घ्या. हापूस अढीत घातल्यावर पिकायला किती दिवस लागतात, सातबारावर कोणाचं नाव कोणाच्या खाली आहे, घाटातली शेवटची एसटी कधी सुटते. बोटांचे ठसे आणि परदेशी विषं आणलीत तर लोक ऐकून घेतात पण स्वतः डोकं चालवत नाहीत, आणि डोकं चालवायला मिळणं हीच तर मजा आहे.

मुंबईवरून आलेल्या पोरांना पाऊणपटीचा हिशोब माहीत नसतो, त्यांच्यासाठी शेवटी गुप्तहेराला बोटं मोजून दाखवायला लावा. आमचा गुप्तहेर रिटायर्ड पोस्टमन होता, सगळ्या गावाचे पत्ते आणि कोणाला कुठून मनीऑर्डर यायची ते त्याला पाठ.

स्क्रिप्ट स्वतः लिहित असाल तर शेवटच्या प्रवेशापासून मागे लिहा. एका मोठ्या कागदावर तक्ता करा, आडवी वेळ, उभी पात्रं, खून झाला तेव्हा कोण कुठे होतं आणि कोण कुठे होतो म्हणून सांगतं, ह्या दोन वेगळ्या ओळी. जिथे दोन ओळी जुळत नाहीत तिथे तुमचं नाटक आहे. कारण मात्र सांभाळून निवडा. आपल्याकडे जमिनीच्या हिश्शावरून खून दाखवला की मांडवात बसलेल्या दोन घरांना वाटतं हे आपल्यावरच लिहिलंय, आणि मग पुढचं वर्षभर मंडळात बोलणं बंद. वाडीतल्या कुठल्याही चालू भांडणाशी जुळणारं काही ठेवू नका, आडनावं तर नकोतच. दुसऱ्याचं लिहिलेलं नाटक घेत असाल तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन आधी, आणि स्वतःचं असो की दुसऱ्याचं, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते बघून ठेवा, स्पर्धेला जायचं असेल तर मागतातच.

एक बारीक गोष्ट. इन्स्पेक्टर आला की सगळे ३०२ म्हणतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झालीय आणि खुनाचं कलम आता १०३ आहे. नाटक आजचं असेल तर १०३ म्हणा. आम्ही म्हाताऱ्या हवालदाराच्या तोंडी ३०२ ठेवलं आणि नव्या पोरीने, म्हणजे पीएसआयने त्याला दर वेळी सुधारलं, चार वेळा हशा मिळाला.

पात्रवाटप करताना चाकरमानी कोण आणि गावात राहणारे कोण ते आधी बघा. निम्मी मंडळी मुंबईत आणि तालीम व्हिडिओ कॉलवर, असं विनोदी नाटक बसत नाही, कारण पॉज फोनवर कळतच नाही. आम्ही मुंबईवाल्यांना प्रेताची भूमिका दिली, दुसऱ्या अंकात येणारा इन्स्पेक्टर दिला, म्हणजे ज्यांना बाकीच्यांशी कमी गुंतावं लागतं अशा भूमिका. त्यांनी शेवटचे आठ दिवस गावात यायचंच. तारीख दोन महिन्यांआधी ठरवा, कोकण रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात ते उघडल्या उघडल्या संपतं.

गुप्तहेराला आपण विनोदी आहोत हे माहीत नसलं पाहिजे. त्याच्यासाठी समोर माणूस मेलाय आणि तो मनापासून शोधतोय. जो नट पब्लिककडे बघून लाफ्टर मागतो त्याला ही भूमिका देऊ नका, कितीही चांगला असला तरी. त्याला भटजी द्या.

आता प्रेत. हा सगळ्यात कठीण रोल आहे आणि सगळे त्याला सोपा समजतात. पोटावर झोपवा, तोंड पब्लिकच्या उलट्या बाजूला, अंगात ढगळ सदरा, म्हणजे श्वास दिसत नाही. धड झोपाळ्याच्या किंवा बाकाच्या मागे आणि फक्त पाय दिसतायत असं केलंत तर अजून उत्तम. रक्तासाठी आम्ही पहिल्यांदा काकवीत लाल रंग कालवला, दिसायला एकदम झकास, पण वीस मिनिटांत मुंगळे चढले. बिचारा नट हलला नाही, मान चावून लालेलाल झाली होती, पडदा पडल्यावर त्याला उचलून विहिरीवर नेला. तेव्हापासून नटाच्या अंगावर गोड काही नाही. खिशातून ओढून काढायचं लाल कापड पुरतं, नाहीतर सरळ विषप्रयोग ठेवा, कोकम सरबताचा ग्लास लांबूनपण दिसतो आणि मरणाऱ्याला खेळायला जागा मिळते. पण मरण दाखवताना एक क्षण तरी खरा वाटू द्या, नाहीतर पुढचा शोध कोणाला हवाय.

खरी कोयती, खरा सुरा स्टेजवर आणायचा नाही, रंगीत तालमीलासुद्धा नाही. पुठ्ठ्याला बेगड लावली की पाचव्या रांगेतून खरंच वाटतं. बंदुकीच्या आवाजाला सुतळी बॉम्ब तर अजिबात नको, मांडवाला कापड असतं. दोन फळ्यांना बिजागरी लावून विंगेत जोरात आपटा, गोळीच वाटते.

उघड्या मांडवात ब्लॅकआउट हा मोठा प्रश्न. आपण लाईट घालवतो आणि भजीच्या स्टॉलची ट्यूब चालूच, खुनी स्पष्ट दिसतो. स्टॉलवाल्या काकींना आधी सांगून ठेवा की घंटी वाजली की दहा सेकंद बंद. अंधारात पात्रं आपटू नयेत म्हणून जमिनीवर रेडियमच्या पट्ट्या चिकटवा आणि जागा बदलायची तालीम डोळे मिटून करा, मोजत, सहापर्यंत. खरीच लाईट गेली तर लोकांना वाटतं नाटकातच आहे, आणि तेवढी दोन मिनिटं मिळतात जनरेटर चालू करायला. गुप्तहेराला त्यासाठी अंधारात बोलायचं एक लांब भाषण पाठ करून द्या. टॉर्च त्याच्या खिशात असतोच, पोस्टमन आहे तो.

वेळ बघा. दशावतार रात्रभर चालतो म्हणून आपलंही चालेल असं नाही, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या पूजेचा दिवस त्यात असेल असं धरून चालू नका. रहस्य उलगडायच्या वेळी माईक बंद करावा लागणं ह्यापेक्षा वाईट काही नाही. साडेसातला तिसरी घंटा द्या, आरती आणि सत्कार नाटकाच्या नंतर. सत्कारवाले रागावतात, रागावू देत.

खुनी कोण हे वाडीत फुटतंच. आम्ही शेवटची चार पानं वेगळी ठेवली आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत फक्त खुनी आणि गुप्तहेर करणाऱ्या दोघांना दिली. बाकीच्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यामुळे तालमीत सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले आणि तेच बघणं पुढे प्रयोगात आलं.

रंगीत तालमीला वाडीतली सात-आठ माणसं बसवा, वेगवेगळ्या वयाची, आणि मध्यंतरात प्रत्येकाला चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायला सांगा. सगळ्यांनी बरोबर लिहिलं तर एक पुरावा काढा, एकानेही लिहिलं नाही तर एक वाढवा किंवा आहे तो पुढे माईकजवळ आणा. आमच्याकडे सात जण बसवले होते, सहा चिठ्ठ्या आल्या आणि सहांवर सहा वेगवेगळी नावं. सातवे आजोबा, जन्म होडीत गेलेला, त्यांनी चिठ्ठी घेतलीच नाही. मी विंगेतून बघत होतो, भाचा चप्पलेसाठी रडत होता, सगळे हसत होते आणि आजोबा अंधारात बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. मध्यंतरात जवळ गेलो तर म्हणाले, "तो झील खोटा बोलता. पण कोणाक सांगू नको." मग भटजीचं एक जास्तीचं वाक्य होतं उधाणाबद्दल, ते त्याच रात्री काढून टाकलं.