फेलोशिप, हजेरी आणि पोच : नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

माझी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे आपण सगळे जिला जेआरएफ म्हणतो ती, पाच महिने थांबली होती. नेटचा, म्हणजे या वृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, निकाल चोख होता, प्रवेश नियमित होता आणि मार्गदर्शकांची माझ्याविषयी काहीही तक्रार नव्हती. त्या पाच महिन्यांत मी उसाच्या फडात होते आणि विभागाच्या हजेरीपत्रकात नव्हते, एवढेच कारण. ही गोष्ट मिटायला सात महिने लागले आणि ती पूर्ण मिटलेली नाही. यंदा पीएच.डी.ला प्रवेश घेतलेल्यांनी, विशेषतः ज्यांचा विषय ग्रंथालयाबाहेर नेणारा आहे त्यांनी, हे वाचावे म्हणून लिहीत आहे.

रकमा तुम्हाला ठाऊक असतीलच. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर दरमहा ४२,००० रुपये मिळतात. सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्यांसाठी आकस्मिक खर्चाचे पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० आणि पुढे वार्षिक २०,५०० रुपये असतात. वसतिगृहात खोली नसेल तर घरभाडे भत्ता असतो. घरची मंडळी या सगळ्याला ‘पगार’ म्हणतात आणि आपणही काही दिवसांनी तसेच म्हणू लागतो. पगार आपोआप निघतो. फेलोशिप मात्र दर महिन्याला नव्याने काढावी लागते. विभागातून तुमची उपस्थिती कळवली जाते, संस्थेतील एक व्यक्ती ती पोर्टलवर भरते, दुसरी व्यक्ती ती मंजूर करते (या दोघांना सगळीकडे मेकर आणि चेकर म्हणतात), आणि मगच रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. या साखळीत तुमचा हात कुठेही नाही. तुमच्या हातात फक्त कागद आहे, आणि मी नेमका तोच केला नव्हता.

माझा विषय ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतराचा आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्यांच्याबरोबर निघायचे असे ठरले होते. सरांना विचारले, ते म्हणाले, “जरूर जा, घाई करू नकोस, पूर्ण हंगाम बघ.” विभागप्रमुखांनाही व्हरांड्यात सांगितले, त्यांनी मान हलवली. मी नोव्हेंबरात पिशवी उचलली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या हद्दीत, कोपींच्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या, वस्तीत जाऊन राहिले. डिसेंबरात पैसे आले नाहीत, तेव्हा एका सीनियरने सांगितले की असे होतेच, तीन महिन्यांचे एकदम येतात. नव्या विद्यार्थ्याच्या कानावर पडणाऱ्या वाक्यांमध्ये याच्याइतके घातक वाक्य दुसरे नाही, कारण ते बरेचदा खरे असते. जानेवारीत फोन केला तर पोर्टल बंद असल्याचे कळले. फेब्रुवारीत फोन केलाच नाही.

त्या वस्तीवर मुकादमाकडे एक लांबट वही असे. प्रत्येक कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे नाव, दिलेली उचल (आगाऊ रक्कम), तारीख आणि अंगठा. एका संध्याकाळी मी ती वही उतरवून घेत असताना त्याने सहज विचारले, “ताई, तुमची हजेरी कोण मांडतं?” मी हसले आणि आमच्याकडे असे काही नसते, असे सांगितले. मार्चअखेर परतल्यावर विभागातल्या लिपिकांनी हजेरीपत्रक माझ्यासमोर सरकवले. माझ्या नावापुढच्या पाचही महिन्यांच्या चौकटी कोऱ्या होत्या आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने ‘अनुपस्थित’ लिहिले होते. मी चिडून बोलले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही गेलात हे आम्ही कोणत्या कागदावरून समजायचं?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या दिवशी हे कबूल करण्याचा मोठेपणा माझ्याकडे नव्हता.

म्हणून आता जे लिहिते ते कंटाळवाणे वाटले तरी दोनदा वाचा. क्षेत्रकार्याला निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी विभागप्रमुखांच्या नावे, मार्गदर्शकांमार्फत, लेखी अर्ज करावा. ‘मार्फत’ या शब्दाखाली मार्गदर्शकांची तारखेसह सही हवी. अर्जात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावांत, आणि हे काम मंजूर आराखड्याच्या कोणत्या भागाशी संबंधित आहे हे स्पष्ट लिहावे. संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत क्षेत्रकार्याचा उल्लेख झाला असेल तर त्या इतिवृत्ताची प्रत जोडावी, आणि झाला नसेल तर पुढच्या बैठकीत तो मुद्दाम करवून घ्यावा. अर्जाच्या शेवटी एक वाक्य असलेच पाहिजे : ‘सदर क्षेत्रकार्याचा कालावधी उपस्थितीचा कालावधी मानण्यात यावा.’ हे वाक्य नसेल तर तुम्हाला जायची परवानगी मिळते, हजेरी मिळत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कोणीही सांगितले नव्हते. परवानगीचे पत्र जावक क्रमांकासह हातात आल्याशिवाय एसटीत बसू नये. त्या पत्राची एक प्रत शिष्यवृत्ती कक्षात स्वतः नेऊन द्यावी, कारण विभागातून कक्षापर्यंत कागद स्वतःच्या पायांनी जात नाही. दर महिन्याच्या अखेरीस एक पानाचा प्रगती अहवाल मार्गदर्शकांना पाठवून त्यावर त्यांची सही घ्यावी. काम लांबले तर मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज करावा, संपल्यावर नव्हे.

आणि पोच. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये. “ठेवून जा, साहेबांना दाखवतो,” हे वाक्य ऐकले की हसून म्हणावे, “शिक्का मारा, मग ठेवते.” नव्या विद्यार्थ्यांना याचा संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. तसे काही नसते. कार्यालयातली माणसे स्वतः एकमेकांकडून पोच घेतात. तोंडी परवानगी ही परवानगी नसते, मग ती दहा जणांसमोर आणि कितीही आपुलकीने दिलेली असो. माझ्या सरांनी दिलेली परवानगी पूर्ण मनापासून दिलेली होती आणि पाच महिने तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. चूक झालीच तर कार्योत्तर मान्यता मिळू शकते. मी क्षेत्रकार्याची दैनंदिनी, एसटीची तिकिटे, तारखा असलेली छायाचित्रे आणि दोन ग्रामपंचायतींचे दाखले जोडून प्रकरण समितीपुढे नेले आणि पाचपैकी चार महिन्यांना मान्यता मिळाली. जुनी तिकिटे टाकून न देण्याची सवय मला आईमुळे लागलेली आहे, अन्यथा तेही जमले नसते. विनंत्यांनी काम होत नसेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्यावर लोकपाल असतो. तक्रार केली तर लोक डूख धरतील, या भीतीने मी चार महिने वाया घालवले. केली तेव्हा कोणी धरला नाही. सगळीकडे असेच होईल, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या काळात खानावळीची उधारी आणि भावाने पाठवलेले पैसे यांवर निभावले. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका, उपाशी राहावे लागले तरी नाही. पहिली एकरकमी फेलोशिप जमा होते तेव्हा तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा. मी त्या पैशांत घरी फ्रिज घेतला होता.

जेआरएफ नसणाऱ्यांची घालमेल मी रोज वसतिगृहात पाहते. आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिप आहे, आणि आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलेल्यांसाठी आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. जाहिरात निघाली की आधी नोंदणीच्या तारखेची अट वाचावी. पीएच.डी.ची नोंदणी अमुक कालखंडातली हवी असे त्यात असते आणि काही दिवसांच्या फरकाने माणसे बाहेर राहतात. तेव्हा आपली प्रवेशाची, नोंदणीची आणि रुजू होण्याची अशा तिन्ही तारखा पत्रांसह एका फायलीत लावून ठेवाव्यात.

या जाहिराती कळण्याचा मार्ग म्हणून व्हॉट्सॲपच्या गटांवर विसंबणाऱ्यांविषयी मला फारसे चांगले मत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती बंद केल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले, तरी तिचे ‘अर्ज सुरू’ असल्याचा संदेश मला त्यानंतर किमान तीनदा आला. ज्या संदेशासोबत परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि सही नाही तो वाचूच नये. आठवड्यातून एकदा, मी सोमवारी सकाळी करते, आयोगाच्या आणि संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावरचे सूचनांचे पान उघडून पाहावे. वीस मिनिटांचे काम आहे.

मार्गदर्शक निवडण्याविषयी प्रत्येक जण सल्ला देतो, तसा मीही देते. नावाजलेल्या मार्गदर्शकापेक्षा सहीला सापडणारा मार्गदर्शक बरा. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्राध्यापकांना आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चार विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. हे आकडे प्रवेशाआधी स्वतः तपासून पाहावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याकडे तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याला चहाला न्यावे आणि एकच विचारावे : शेवटची सही किती दिवसांत मिळाली? माझे सर विद्वान आहेत आणि माणूस म्हणून निर्मळ आहेत, परंतु अर्ज खिशात ठेवून परिषदेला जाण्याची त्यांना सवय आहे. आता मी सही समोर बसूनच घेते.

पैसे घेऊन शोधनिबंध छापून देणाऱ्यांपासून दूर राहा, यावर मला लांबण लावायची नाही. शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही, ही आयोगाच्या पातळीवरची सक्ती २०२२ च्या विनियमांत राहिलेली नाही, आणि मान्य नियतकालिकांची आयोगाची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती लेखी मागून घ्या. साधर्म्याच्या, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो याच्या, तपासणीत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होऊ शकते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ग्रंथालयाविषयी मात्र मोकळेपणाने लिहावेसे वाटते, कारण त्या पाच महिन्यांनंतर मला पुन्हा उभे केले ते तिथल्या लोकांनी. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. आमच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुलांना अजून ते माहीत नाही आणि ती मित्रांकडून पीडीएफ मागत फिरतात. ग्रंथपालांना भेटून आपल्या संस्थेत लॉगिन कसे होते ते विचारून घ्या. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आपल्याच विषयावरचे जुने प्रबंध निष्कर्षांपेक्षा परिशिष्टांसाठी उघडा, प्रश्नावल्या तिथेच असतात. पुण्यात येणे शक्य असेल तर गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात चार दिवस काढा. ग्रामीण अर्थकारणावरचे जुने अहवाल तिथे जसे हाती लागतात तसे पडद्यावर लागत नाहीत. आणि झोप उडाली असेल, डोक्यात नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येते. एप्रिलमध्ये मी तो लावला होता. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

एक हिशेब आधीच करून ठेवा. जेआरएफ पाच वर्षांची असते आणि पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची. महिलांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत मिळते आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, पण मुदत वाढली म्हणून फेलोशिप वाढत नाही. दोन वर्षे पूर्ण होताना तीन सदस्यांची समिती काम पाहून वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची शिफारस करते. बाहेरच्या तज्ज्ञांची तारीख मिळणे अवघड असते, त्यामुळे त्या बैठकीचा अर्ज दोन महिने आधी द्यावा. माझा अर्ज मागच्या गुरुवारी दिला.

राहिलेला पाचवा महिना म्हणजे मार्च. त्याचे दाखले अपुरे ठरले होते, कारण टोळी तेव्हा दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेली होती आणि तिथल्या ग्रामपंचायतीचे पत्र मी घेतले नव्हते. ते पत्र आता मिळाले आहे, फेरविचाराच्या अर्जाला जोडले आहे, आणि शिक्का मारलेली प्रत माझ्या कपाटात आहे.