गाडीचं ऑइल बघताना या चुका टाळा

बेळगावची पोरं मोटरसायकलचं इंजिन ऑइल वर्षातनं दोनदा बघतात. एकदा पावसाळा तोंडावर आला की, आणि एकदा गोव्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी. बाकी वर्षभर गाडी देवाच्या भरवशावर. बरं, बघतात तेही असं की न बघितलेलं परवडलं. खानापूर रोडच्या अंगाला गॅरेज टाकून मला वीसेक वर्षं झाली. ऑइल बघायचं म्हणजे दोन बोटांचं काम, पण ते नीट करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच भेटली.

साइड स्टँडवर गाडी लावून बघणं

याच्यावर मी जरा जास्तच बोलणार, कारण सगळ्यात जास्त डोकं यानंच खाल्लंय.

शंभर-सव्वाशे सीसीच्या ज्या गाड्या आपल्याकडं रोज पळतात, त्यातल्या बहुतेकांची ऑइलची पट्टी, म्हणजे ऑइल किती ते दाखवणारी, खालची-वरची खूण असलेली डिपस्टिक, उजव्या अंगाला असते. साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते, ऑइलही डावीकडं सरकतं, आणि पट्टीचं टोक जवळजवळ कोरडं बाहेर येतं. मालकाच्या पोटात गोळा. लगेच पेट्रोल पंपावरनं डबा आणतो आणि ओततो.

एका जुलैत येळ्ळूरचा एक पोरगा स्प्लेंडर ढकलतच घेऊन आला. जांबोटीवरनं चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला निघाला होता, पण कणकुंबीच्या अलीकडंच गाडीनं मागं धूर सोडायला सुरुवात केली.

“मामा, किती धूर सोडायलीय बघा की. पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणालेत.”

परतीच्या वाटेवर एकानं त्याला बोअर-पिस्टनचा खर्चही सांगून टाकला होता. मी आधी एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतला फिल्टर ऑइलनं निथळत होता. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, पट्टी पुसून बुडवली. ऑइल वरच्या खुणेच्या कुठल्या कुठं वर.

“ऑइल कधी घातलास?”

“आदल्या दिवशी. पट्टी कोरडी होती की.”

“गाडी कशावर उभी होती?”

पोरगं गप्प.

खालचा नट काढला आणि सगळं ऑइल मापाच्या डब्यात घेतलं. त्या गाडीत बदलताना ९०० मिली घालायचं असतं. निघालं सव्वा लिटरच्या पुढं. एवढं ऑइल भरलं की फिरणारे भाग त्यात बुडून ते ताक घुसळल्यासारखं घुसळतात. फेस होतो. फेस आलेलं ऑइल वंगणाचं काम धड करत नाही, आणि आतला दाब ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतनं एअर फिल्टरकडं ढकलतो. तिथनं ते पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. तोच तो धूर. नवा फिल्टर घातला, प्लग साफ केला, ९०० मिली मोजून ऑइल भरलं. सायलेन्सरमध्ये साचलेलं जळून जाईपर्यंत एक-दोन दिवस थोडा धूर आला, मग बंद. बोअरला मी हातसुद्धा लावला नाही.

तेव्हा मेन स्टँड, आणि सपाट जागा. माझ्या गॅरेजची फरशी गटाराच्या बाजूला उतरती आहे, म्हणून पाणसळ लावून एक सपाट जागा शोधली आणि तिथं पांढऱ्या पेंटनं चौकोन मारलाय. ऑइल बघायची गाडी त्या चौकोनातच लागते, मग मालकाला कितीही घाई असो. ज्या गाड्यांना मेन स्टँड नाही, त्या दुसऱ्या माणसानं हँडल धरून सरळ उभ्या करायच्या. पट्टीऐवजी काचेची खिडकी असेल तरी हेच. गाडी सरळ, आणि आपण खाली बसून डोळा काचेच्या रेषेत. वरनं वाकून बघितलं तर फसगत ठरलेली.

पट्टी आट्यात पिळून बसवणं

वरची चूक उतावळ्यांची, ही शहाण्यांची. खानापुराहून रोज गाडीनं बेळगावला येणारे एक गुरुजी होते. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. दर पहिल्या तारखेला ऑइल बघायचे, वहीत लिहून ठेवायचे. असा माणूस गॅरेजला क्वचितच मिळतो. तरीही त्यांच्या गाडीच्या हेडमधनं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातनं, खडखड यायला लागली. उघडलं तर व्हॉल्व्ह हलवणारे कॅम आणि रॉकर झिजलेले, म्हणजे वरपर्यंत पुरेसं ऑइल पोचतच नव्हतं.

मी म्हटलं, “गुरुजी, कसं बघता ते दाखवा.” त्यांनी पट्टी काढली, स्वच्छ पुसली, आत घातली, आटे पूर्ण पिळले, परत सोडवून काढली. झालं. त्या गाडीची पट्टी नुसती भोकावर टेकवायची असते, पिळायची नाही. पिळली की ती आट्यांच्या उंचीएवढी आणखी खाली बुडते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. गुरुजींच्या वहीत दर महिन्याला “खालच्या खुणेवर, ठीक” असं लिहिलेलं. खरं ऑइल त्या खुणेच्याही खाली. वही बघून मलाच वाईट वाटलं.

स्प्लेंडर आणि तिच्या जातीच्या गाड्यांची पट्टी टेकवायची. काही कंपन्यांच्या गाड्यांत मात्र पिळूनच बघायचं असतं. आपल्या गाडीचं काय, ते सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत कुजणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं. एकदा वाचा आणि सीटच्या खालच्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे पुस्तक परत शोधायला नको.

दम न धरणं

गाडी बंद केली की लगेच पट्टी काढू नका. ऑइल अजून वरच असतं, पट्टी कमी दाखवते. इंजिन दोन-तीन मिनिटं सावकाश चालू ठेवायचं, बंद करायचं, मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. अर्धा चहा होतो तेवढ्यात. एवढा वेळ ज्याला नाही, त्यानं गाडीऐवजी बसनं जावं.

जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटचं उलटं. ती आठवडाभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल झिरपून खाली इंजिनात उतरतं, आणि सकाळी पट्टी कोरडी निघते. लोक भरतात, गाडी चालू झाली की खालचं ऑइल परत वर येतं आणि जागा पुरत नाही. म्हणून आधी चालू करा, मग बघा. बुलेटवाल्यांना हे सांगायला गेलं की ते उलट मलाच बुलेट शिकवतात.

बाकीच्या

पट्टी काढायच्या आधी आजूबाजूचा चिखल पुसा, नाहीतर तो आतच जातो. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे पट्टीला चिकटून इंजिनात जातात. मी जुनं धुतलेलं बनियन वापरतो.

डब्यानं धार सोडून ओतू नका. माझ्याकडं खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची बाटली आहे, धुऊन उन्हात वाळवलेली. तेवढं घालायचं, थांबायचं, परत बघायचं. दोन खुणांच्या मध्ये आलं की बास. वरच्या खुणेच्या वर नेऊन इंजिनचं काही भलं होत नाही.

कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलला घालणारे अजून आहेत. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलातल्या निसरड्या द्रव्यांनी तो घसरतो. डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालतं अशी खूण, लिहिलंय का बघा. एमबी स्कूटरसाठी.

काळं झालं म्हणून घाबरू नका. धावलेलं ऑइल काळं होतंच. पण खानापूर बाजूला पुलावरच्या पाण्यातनं गाडी काढून आला असाल आणि पट्टीवर दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला, तर आत पाणी गेलंय. ती गाडी चालू करू नका, ढकलत आणा.

आणि न घालता ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं, तर “बरं झालं, डब्याचे पैसे वाचले” म्हणू नका. पट्टी नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर, कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर, त्यातली पेट्रोल अडवणारी सुई गळतेय आणि पेट्रोल आत उतरतंय. पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवा, आधी सुई बदला, मग सगळं ऑइल.