लिनक्सवर स्क्रीन काळी पडली तर लगेच फॉरमॅट मारू नका

भाऊ हो, इकडं खेड्यापाड्यात सेकंडहँड पीसीवर मिंट नाहीतर उबंटू (लिनक्सचेच प्रकार) टाकणारे पोरं वाढले, लई चांगली गोष्ट हाय. पण अपडेट मारलं, स्क्रीन काळी झाली की सीपीयू गाडीवर बांधून तालुक्याच्या दुकानात नेतात, तिथं फॉरमॅट मारतात अन् घरचे फोटो, सातबारे सगळे जातात. काहून? बहुतेक वेळा मशीन चांगलीच असते, ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारा प्रोग्राम) तेवढा अडकलेला असते.

पीसी चालू करताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट), ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येते. तिथं ई दाबा, लिनक्स शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा, क्वाएट स्प्लॅशच्या पुढं स्पेस देऊन नोमोडसेट (म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून चालू हो) टाका (कमांडा सगळ्या इंग्रजीत, स्मॉल अक्षरात), अन् एफ10. डेस्कटॉप आला म्हणजे ड्रायव्हरचाच लोचा. हे एकाच बूटपुरतं राहते, अन् कायमचं ठेवूही नका, व्हिडिओ अडकत चालते.

आता टर्मिनलमधी (कमांडा लिहायच्या खिडकीत) एलएसपीसीआय टाकून कार्ड पाहा. इंटेल, एएमडी असंल तर ड्रायव्हर कर्नलमधीच (लिनक्सच्या गाभ्यातच) असते, वेबसाइटवरून काई उतरवा लागत नाई, ग्रबच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुनं कर्नल लावून पाहा. एनव्हिडिया असंल तर ड्रायव्हर मॅनेजरमधी रेकमेंडेड लिहिलेलाच घ्या, मोबाइलचं नेट यूएसबी टेदरिंगनं भेटते. जीटी 710 सारखं केप्लरवालं (एनव्हिडियाच्या जुन्या पिढीचं) कार्ड असंल तर 470 सिरीजच्या पुढचा ड्रायव्हर त्याले चालतच नाई, कितीही नवा टाका.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ते सिक्युअर बूटमधी (सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी बायोसची सेटिंग). ड्रायव्हर टाकताना पीसी एक नवा पासवर्ड ठरवाले लावते, रिस्टार्ट केलं की निळी स्क्रीन येते, अन् घाईघाईत लोकं कंटिन्यू दाबून देतात. तिथं एनरोल एमओके (ड्रायव्हरच्या सहीची चावी मंजूर करणं) घ्या, तोच पासवर्ड टाका, नाईतर ड्रायव्हर इन्स्टॉल दिसंल पण लोडच होणार नाई.

अन् ऐन अपडेटात लाइन गेली असंल तर आधी सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए मारा (अर्धवट राहिलेलं इन्स्टॉल पुरं करते), मंग बाकीचं.

शेवटी मेसा-युटिल्स नावाचं पॅकेज टाकून जीएलएक्सइन्फो -बी चालवा (इथं बी मात्र कॅपिटल). रेंडररपुढं कार्डाचं नाव दिसलं तर काम झालं, एलएलव्हीएमपाइप दिसलं तर अजून प्रोसेसरच सगळं ओढून राहिला, ड्रायव्हर लागला नाई.