सायकलच्या चेनला पावडर लावताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे तेल लावलेल्या चेनवर वरून ग्रेफाइट नाहीतर मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) अशी घर्षण कमी करणारी कोरडी पावडर भुरभुरवणे. अरे बाबांनो, चेन झिजते ती आतून, पिन आणि तिच्याभोवतीच्या आतल्या पट्ट्यांच्या मधे, आणि तिथली फट इतकी बारीक असते की कोरडी पावडर आपणहून आत जातच नाही, तिला घेऊन जायला काहीतरी पातळ लागतं, म्हणजे वितळलेलं मेण (त्यात पावडर मिसळून चेन बुडवायची) किंवा उडून जाणारं सॉल्व्हंट. वर राहिलेली पावडर तेलात कालवली जाते, त्यात रस्त्यावरची धूळ येऊन बसते आणि मग चेनला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं.

आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने नवीन 11 स्पीडच्या (मागे 11 गियर असलेल्या) सायकलला हेच केलं. कुलपात घालायची ग्रेफाइट पावडर आणली, ओल्या ल्यूबवर (चेनच्या तेलावर) टाकली, आवाज आला की अजून थोडी टाकली. सिंहगडाच्या चढावर त्याची चेन अशी करकरायला लागली की पुढच्या वळणावरून ऐकू येत होती. वर पोचल्यावर बघितलं तर जॉकी व्हीलवर (मागच्या गियरखालच्या छोट्या दातेरी चाकांवर) काळ्या लगद्याचे थर, बोटांत चोळला तर रेती सरळ हाताला लागत होती. चेनची झीज मोजायचा गेज लावला तर ती 0.5 टक्क्यांच्या पुढे ताणलेली, म्हणजे 11 स्पीडला चेन बदलायची वेळ झालेली, आणि मधल्या गियरचे दातही गेलेले. त्याला घाई होती, चेन काढून धुवायचा कंटाळा होता, बाकी काही नाही. पावडरीने कंटाळ्याची भरपाई होत नाही हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो आणि तरी पुढच्या महिन्यात कोणीतरी तेच करून येतो.

दुसरी चूक, "नवीन चेन आहे, स्वच्छच आहे." नाही! नवीन चेनमध्ये कंपनीचं ग्रीस भरलेलं असतं, त्यावर मेण धरत नाही आणि मेण नाही धरलं तर त्यातली पावडर कुठून धरणार. मी चेन बरणीत घालून वर मिनरल टर्पेंटाइन ओततो, जोरात हलवतो, रात्रभर ठेवतो, आणि द्रव गढूळ व्हायचा थांबेपर्यंत बदलत राहतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायची कारण टर्पेंटाइनचा पातळ थर मागे राहतो. रॉकेल तर तेलकटच, त्यावर थांबू नका. पेट्रोल घरात वापरूच नका.

मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं. भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवलं की तापमान 100 अंशांच्या वर जातच नाही आणि साधं पॅराफिन 60 च्या आसपास वितळतं, त्यामुळे तेवढं भरपूर झालं.

वितळलेल्या मेणात पावडर तळाशी बसते हे पण लोक विसरतात. मेणाची घनता 1 पेक्षा कमी, मॉलीची 5 च्या आसपास आणि टंगस्टन डायसल्फाइडची (ही पण तशीच पावडर) साडेसातच्या जवळ, मग ती वर तरंगणार कशी? मी चेन तारेच्या हुकात अडकवून तिनेच ढवळतो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पावडर घातलेल्या ड्रिप ल्यूबची (थेंब थेंब सोडायच्या ल्यूबची) बाटली न हलवता वापरणारेही याच रांगेत.

अर्धा किलो मेणाला चार-पाच ग्रॅम पावडर मी बास समजतो, मूठभर टाकून चेन जास्त पळत नाही. मोजताना मास्क लावा.

पेन्सिलचं शिसं किसून टाकू नका, त्यात ग्रेफाइटबरोबर चिकणमाती असते. अंगाला लावायची टाल्कम पावडर तर नाहीच नाही.

कोकणात, समुद्राजवळ राहत असाल तर ग्रेफाइट टाळा, ओलाव्यात ते ॲल्युमिनियमच्या चेनरिंगला (पेडलजवळच्या दातेरी चकतीला) गंज आणायला मदत करतं. आणि कुठलीही पावडर पावसाळ्यात चेनचा गंज थांबवत नाही, भिजून आलात की त्याच दिवशी पुसा आणि परत मेणात बुडवा. मी तर जून ते सप्टेंबर सरळ ओलं ल्यूब वापरतो.

मेणातून काढलेली चेन गार झाली की काठीसारखी कडक होते, प्रत्येक कडी हाताने मोकळी करून मगच सायकलवर चढवा. पहिले काही किलोमीटर गियर थोडे अडखळतात, ते होणारच. तेवढ्यावर घाबरून तेलाचा थेंब सोडलात तर चेन परत टर्पेंटाइनच्या बरणीत.