कामगारांना घरबसल्या शिक्षणक्रम लावून देण्यापूर्वी मालकाने करावयाची तयारी

जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून गाठी बांधण्याचा कारखाना), डाळ मिल, भातगिरणी, पतसंस्था किंवा कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्या मालकाच्या मनात आपल्या माणसांना घरी अभ्यास करून पुरा करता येईल असा एखादा शिक्षणक्रम लावून द्यावा असे येते, तेव्हा तो बहुधा सर्वांत आधी फीची चौकशी करतो. वास्तविक या सगळ्या व्यवहारात फी हीच सर्वांत हलकी बाब आहे. आपल्या विदर्भाच्या ग्रामीण भागात असे शिक्षणक्रम अर्धवट सुटताना दिसतात ते ऐन कापसाच्या आवकीत परीक्षा आली म्हणून, पुस्तकाची भाषा डोक्यावरून गेली म्हणून, किंवा दिवसभर गाठी ओढून घरी गेलेल्या माणसाने रात्री अभ्यास करावा अशी अपेक्षा धरली म्हणून. ही तिन्ही कारणे दूर करणे मालकाच्या हातात असल्यामुळे पुढील तयारी त्याने व त्याच्या दिवाणजीने करावयाची आहे, आणि ती प्रवेशअर्ज भरण्याच्या आधी करावयाची आहे.

पहिले काम म्हणजे मुकादम, फिटर आणि दिवाणजी यांना सोबत घेऊन प्रत्येक माणसाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहून काढणे: तो आज कोणते काम करतो, आणि लिहिता-वाचता किंवा हिशेबात मांडता न आल्यामुळे त्या कामाचा कोणता भाग दुसऱ्याकडे न्यावा लागतो. कापसाच्या खरेदीचे उदाहरण घ्यावे. आधारभूत भावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कमी होतो आणि १२ च्या वरचा माल घेतला जात नाही. अनेक हंगाम गाड्यांवर काढलेला माणूस गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस बाहेर काढून दाबतो आणि ‘दहाच्या वर आहे जी’ असे सांगून मोकळा होतो. ओलावा मोजण्याचे यंत्र लावून पाहिले तरी फारसा फरक निघत नाही. परंतु क्विंटलमागे कपात किती आणि पावतीवर निव्वळ रक्कम किती हे मांडण्याची वेळ आली की तोच माणूस पावतीबुक दिवाणजीपुढे सरकवतो. अशा माणसाला वाणिज्य शाखेच्या पदवीला बसविणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला टक्केवारी, त्रैराशिक आणि सुवाच्य लिहिणे हवे आहे आणि ते दहावीच्या गणितात व मराठीत मिळते. मालकाची हौस आणि माणसाची गरज यांतला फरक या कागदावर जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून हा कागद तयार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर शिक्षणक्रमाची निवड करावी. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, सर्वांना माहीत असतो, पण त्याची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि तेव्हा जिन चालूच असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी मराठी माध्यमातून करता येते, तिला पाच विषय पुरतात, नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या मुदतीत नऊ वेळा परीक्षेला बसता येते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. तिच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होत असल्यामुळे जिनिंगच्या कामगाराला एप्रिल-मेची परीक्षा सोयीची पडते. मेळघाटातून किंवा मध्य प्रदेशातून हंगामापुरता येणारा मजूर असेल तर त्याला हिंदी माध्यम हवे की मराठी, हे त्यालाच विचारावे. दहावी-बारावीच्या पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते मराठीत शिक्षणक्रम चालवीत आले आहे आणि त्याची विभागीय केंद्रे नागपूर व अमरावती येथे आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही विभागीय केंद्र नागपूरला आहे, परंतु तेथील बरीचशी पुस्तके इंग्रजी किंवा हिंदीत असतात हे लक्षात ठेवून प्रवेशापूर्वी पुस्तकाची दोन पाने त्या कामगाराकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.

पतसंस्थेतील पदवीधर लिपिकासाठी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार व हिशेबशास्त्राची शासकीय पदविका) ही परीक्षा सर्वांत उपयोगी आहे, कारण तिचा अभ्यास लोक घरीच करतात आणि तिचे विषय संस्थेच्या रोजच्या कामातलेच असतात. कृषी सेवा केंद्राच्या मालकाने हैदराबादच्या मॅनेज या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेचा कृषी निविष्ठा, म्हणजे बियाणे, खते व औषधे, विकणाऱ्यांसाठीचा एक वर्षाचा पदविका शिक्षणक्रम पाहावा. तो पूर्णपणे घरबसल्या होत नाही, आठवड्यातून एक दिवस वर्ग आणि मधून मधून शेतभेटी असतात. तरीही, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेल्यानंतर औषधाची बाटली काउंटरवरून पुढे सरकविणाऱ्याला तिच्यावरचा विषाची तीव्रता दाखविणारा रंगाचा त्रिकोण समजलाच पाहिजे याबद्दल वाद राहू नये.

काही कामे मात्र टपालाने शिकता येत नाहीत आणि तसा दावा करणाऱ्यापासून दूर राहावे. उकड्या तांदळाच्या गिरणीत बॉयलरवर उभ्या राहणाऱ्याला प्रत्यक्ष अनुभवानंतर राज्याच्या बॉयलर खात्याची परीक्षा देऊन परिचराचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, वायरमनलाही परवान्याशिवाय काम करता येत नाही. पुस्तक वाचून त्या परीक्षेची तयारी करता येते इतकेच. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा लागतो, त्यासाठी एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, अधिकृत प्रशिक्षणालाच माणूस पाठवावा.

मान्यतेची तपासणी स्वतः करावी, तालुक्याच्या बसस्टँडवरील फलकावर विसंबू नये. दूरशिक्षणातून पदवी देणाऱ्या विद्यापीठांची व त्यांच्या मान्य शिक्षणक्रमांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे असते. ती ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाची पाहावी, गेल्या वर्षाची चालत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांच्या पत्रद्वारा अभियांत्रिकी पदव्यांसंबंधी निकाल दिला तेव्हा नोकरीत असलेल्या अनेकांच्या पदव्या अडचणीत आल्या होत्या. ‘हजर न राहता, परीक्षेची चिंता न करता’ अशी हमी देणारा एजंट आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कागदपत्रांसाठी सबंध एक महिना राखून ठेवावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘रामा’, आधारवर ‘रामराव’ आणि बँकेच्या पुस्तकात आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. आता विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागत असल्यामुळे नावातला हा फरक पूर्वीसारखा खपून जात नाही. मूळ शाळा बंद पडली असेल तर दाखल्याची दुय्यम प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडून मिळविण्यास आणखी वेळ लागतो. अर्जात मोबाईल नंबर कामगाराचा स्वतःचाच द्यावा. सोयीसाठी दिवाणजी दहा जणांच्या अर्जांत आपला एकच नंबर टाकतो, पुढे तो नोकरी सोडून जातो आणि दहाही जणांचे ओटीपी, प्रवेशपत्र व निकाल त्याच्या फोनवर येत राहतात. ईमेलचा पासवर्डही कामगाराच्या घरच्या वहीत लिहिलेला असावा. पुस्तके टपालाने येणार असतील तर पत्ता कारखान्याचा द्यायला हरकत नाही, कारण गावातला पोस्टमन येतो त्या वेळी माणूस कामावर असतो. मात्र पाकीट ज्याच्या नावाचे त्यानेच फोडावे आणि आवक नोंदवहीत तारीख टाकून त्याची सही घ्यावी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, म्हणून स्वाध्याय पाठवताना मिळणारी स्पीड पोस्टची पावती वहीला टाचून ठेवावी.

यानंतरची बाब वेळापत्रकाची आहे आणि तिच्यावर इतर सगळ्या तयारीपेक्षा जास्त विचार करावा. भिंतीवर वर्षाचे कॅलेंडर लावून त्यावर आधी धंद्याचा हंगाम लाल पेन्सिलीने भरावा व उरलेल्या जागेत अभ्यास बसवावा. जिनिंगमध्ये दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत डोके वर काढायला सवड नसते, तेव्हा नवा पाठ सुरू न करता झालेल्याची उजळणी तेवढी ठेवावी आणि मुख्य अभ्यास मृगापासून पोळ्यापर्यंत उरकावा. ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांना पेरणीचे दोन आठवडे मोकळे सोडावेच लागतात, कारण पाऊस आला की त्या दिवशी पुस्तक उघडायला सांगणारा मालक सालभर शिव्या खातो. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांत दिवाळीनंतरचे धान आणि पुन्हा उन्हाळी धान असे दोन ताण येतात, वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार वेगवेगळ्या महिन्यांत उतरतो, आणि पतसंस्थेत जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत वसुलीशिवाय दुसरी गोष्ट बोलली जात नाही. जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा साधारणपणे मे महिन्यात येत असल्याने पतसंस्थेच्या लिपिकाचा अभ्यास डिसेंबरपर्यंत पुरा झाला पाहिजे आणि एप्रिल त्याला उजळणीसाठी मिळाला पाहिजे, हे अध्यक्षांनी संचालकांच्या सभेत ठराव करून नोंदवावे. ठरावाशिवाय व्यवस्थापक रजा देत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

अभ्यासाचा वेळ पाळीच्या आत आणि पगारी धरावा. आठवड्यातून दोन तास पुरतात, पण ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि यंत्राच्या आवाजापासून दूर मिळाले पाहिजेत. आठवडी बाजाराचा दिवस निवडू नये, त्या दिवशी मजुरीचा चुकारा आणि घरचा बाजार यांपुढे कोणाचे मन लागत नाही. वजनकाट्याची खोली दुपारी रिकामी असेल तर तीच घ्यावी. टेबल, पंखा, भारनियमनासाठी चार्जिंगचा दिवा, पेनांचा एक डबा आणि पिण्याचे पाणी यांपलीकडे तेथे काही लागत नाही. महिला कामगारांसाठी वेळ सकाळच्या पाळीतच ठेवावी, कारण संध्याकाळी त्यांना गावाकडे जाणारी शेवटची एसटी गाठायची असते.

घरबसल्या शिक्षणक्रमाला शिक्षक नसतो असे समजून चालू नये. कारखान्यातच एक माणूस नेमावा, जो उत्तरे सांगणार नाही पण अडलेला शब्द उलगडून देईल. निवृत्त गुरुजी गावोगाव आहेत आणि योग्य मानधन दिले तर ते आनंदाने येतात. फिटर किंवा कापसाची प्रत ठरविणारा ग्रेडर यांनाही या कामात घ्यावे, कारण ‘सरासरी’ हा शब्द फळ्यावर समजत नाही तो दहा गाठींची वजने मांडून भागाकार केला की समजतो. एक गाठ साधारण १७० किलोंची असते आणि प्रत्यक्षात दोन-चार किलोंचा फरक पडतो, तेवढ्या आकड्यांवर आठवड्याचा गृहपाठ निघतो. अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असेल त्या दिवसाची हजेरी भरपगारी मांडावी आणि जाण्यायेण्याचे भाडे आधी हातात द्यावे, नंतर पावतीवर देतो असे सांगितल्यास माणूस जातच नाही.

पैशाचा व्यवहार लेखी करावा. शिक्षणाची फी कधीही उचल म्हणून खतवू नये. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवण्यास १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी केलेली आहे आणि फीच्या नावाखाली तेच करणारा मालक अडचणीत येतो. शिक्षण संपल्यावर काही काळ येथेच काम करावे अशी अट घालायची असेल तर ती थोड्या मुदतीची, मराठीत लिहिलेली आणि कामगाराला वाचून दाखवलेली असावी, व अट मोडल्यास परत मागावयाची रक्कम प्रत्यक्ष भरलेल्या फीपेक्षा जास्त नसावी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणेही भरपाई वाजवी मर्यादेतच मिळते. मूळ गुणपत्रिका व दाखला ऑफिसच्या कपाटात ठेवून घेण्याची जुनी सवय सोडावी, झेरॉक्स पुरेशी आहे.

शेवटी, उत्तीर्ण झाल्यावर काय मिळणार आणि नापास झाल्यास काय होणार, या दोन्ही गोष्टी प्रवेशाच्या दिवशीच त्याच कागदावर लिहाव्यात. पहिल्या फेरपरीक्षेची फी मालकाने भरावी आणि दुसरीपासून निम्मी, अशी वाटणी बहुतेकांना मान्य होते. पगारवाढीचा आकडा आणि ती ज्या महिन्यापासून लागू होईल तो महिना मोघम ठेवू नये. पाडव्याला सालाचा करार बदलतो अशा ठिकाणी निकालानंतरचा पाडवा धरावा, आणि निकाल उशिरा लागला तरी फरकाची रक्कम पाडव्यापासूनच मोजून द्यावी.