वॉर्डातील श्वसननिरीक्षणाचा अभ्यास कसा आखावा

कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या गर्दीच्या रुग्णालयात श्वसननिरीक्षण सुधारण्याचा अभ्यास करायचा असेल, तर सुरुवात महागड्या मॉनिटरपासून न करता श्वसनदराच्या (मिनिटाला किती श्वास) नोंदीपासून करावी. कारण तक्त्यावर ओळीने प्रत्येक रुग्णापुढे २० हाच आकडा दिसला, तर तो मोजलेला नसून अंदाजाने भरलेला आहे, असे खुशाल समजावे.

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. उपचारपद्धतीची चाचणी असल्यास पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयमध्ये (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करावी.

मोजताना नाडी पाहत असल्याप्रमाणे मनगट धरून ठेवावे आणि सेकंदकाट्यावर नजर ठेवून पूर्ण ६० सेकंद छातीची हालचाल मोजावी. श्वास मोजला जात आहे हे कळताच रुग्णाची लय बदलते, आणि १५ सेकंदांचा आकडा चारने गुणल्यास एका श्वासाची चूक चार श्वासांची होते.

गुणांकनासाठी ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१७ची न्यूज-२ पद्धत सोयीची आहे; तीत गुण जितके जास्त, तितकी रुग्णाची प्रकृती बिघडण्याची भीती अधिक. तीत मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य, २१ ते २४ला दोन आणि २५ किंवा अधिक श्वासांना तीन गुण मिळतात. मात्र सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या) ज्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी रक्तातील ऑक्सिजनचे ८८ ते ९२ टक्के लक्ष्य ठरवले आहे, त्यांना ऑक्सिजनच्या गुणांसाठी वेगळी श्रेणी लावावी. हा ऑक्सिजन बोटावरून मोजणारा ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी नेलपॉलिश काढावे व गार बोटे ऊबदार करावीत.

केवळ नोंदी वाढल्या म्हणून अभ्यास यशस्वी मानू नये. गुण वाढल्यावर डॉक्टर किती मिनिटांत खाटेपाशी पोचले, हे रात्रपाळीसाठी स्वतंत्रपणे टिपावे.