कळकाची करवत आणि चिमूटभर काळी भुकटी

बेळगावजवळच्या खानापुरात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. उतारावर ब्रेक धरून ठेवला की रिम कशी तापते, हे हाताला ठाऊक. त्यामुळे लाकडावर लाकूड घासून विस्तव काढणं आपल्याला सहज जमेल असं वाटलं होतं. पहिले चार रविवार फक्त धूर निघाला आणि पोटावर काळानिळा वळ उठला. मंडळी दारातून म्हणाली, "अहो, काड्यापेटी चुलीपाशी हाय की! कशाला पोटाला भोक पाडून घ्यायलाय?"

यज्ञातली अरणी सगळ्यांना माहीत असते. खाली अधरारणी, वर उत्तरारणी आणि दोरीने घुसळणं. ते मी करून बघितलं. पण आमच्या जांबोटीकडच्या शिवारात बांधाबांधाला कळकाची, म्हणजे बांबूची, बेटं आहेत, आणि कळकाला दोरीही लागत नाही. एक कोयता पुरतो.

कळक निवडताना घाई करू नका. हिरवा नको, जमिनीवर आडवा पडलेलाही नको, कारण तो खालून ओल ओढतो. बेटातच उभा वाळलेला, पिवळट-तपकिरी पडलेला हवा. कोयत्याच्या पाठीने ठोका. टणटणीत वाजला तर घ्या, भद्द वाजला तर सोडा. भरीव बांबू इथे चालत नाही, पोकळच पाहिजे. मनगटाएवढा जाड आणि हात-दीड हात लांब तुकडा काढून मधोमध उभा चिरा. एक फाक पातं होईल, दुसरी पन्हळ.

पात्याची एक कड कोयत्याने तासून सरळ धारेवर आणा. विळ्यासारखी धार काढू नका, ती लगेच चुरते. अंगठ्याच्या नखाइतकी जाडी ठेवा. मग पन्हळीच्या पाठीवर कोयता उभा धरून खरवडा. वरची चकचकीत साल गेली की खालून लोकरीसारखा भुगा निघतो. मूठभर जमवा. फाकांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, म्हणून हाताला जुनं धोतर गुंडाळा.

आता पन्हळीच्या पाठीवर मधोमध आडवी खाच पाडा. सगळा खेळ या खाचेचा आहे. ती इतकीच खोल न्यायची की आतल्या पोकळीत बारीक फट उघडेल, सायकलच्या स्पोकची तार जेमतेम शिरेल एवढी. माझी पहिली फट बोटभर झाली होती. घासून निघालेली भुकटी साठायची ती गळून जायची, आणि मी मात्र धूर बघून खूश. फट अगदीच बंद राहिली तर भुकटी आत जातच नाही. ती जायला हवी भुग्याच्या कुशीत. म्हणून पन्हळीत, फटीच्या बरोबर वर, भुग्याचा लिंबाएवढा गोळा ठेवा आणि कळकाच्या पातळ कांबीने दाबून धरा.

पात्याचं एक टोक जमिनीवर दगडाला टेकवा, दुसरं पोटाला. मध्ये घडी घातलेलं पोतं हवंच, वळ कशाने उठला ते आता कळलं असेल. धार वर. पन्हळ पालथी घालू नका, पोकळी आभाळाकडेच राहू दे. दोन्ही टोकांना धरून खाच धारेवर बसवा आणि पात्याच्या लांबीवर पुढेमागे घासा.

पहिले तीस-चाळीस हात सावकाश, खाच धारेला बसेपर्यंत. मग जोर आणि वेग दोन्ही वाढवा. धूर लवकरच येतो, तिथेच माणूस फसतो. धुराकडे बघून थांबू नका. खाचेच्या कडेला सांडलेली भुकटी बघा. पिवळसर असेल तर अजून काही झालेलं नाही. तपकिरी झाली तर जमायला लागलं. कॉफीच्या पुडीसारखी काळी पडली की शेवटचे वीस-पंचवीस हात जीव तोडून मारा. घामाचं मात्र सांभाळा. एकदा कपाळावरून एक थेंब नेमका खाचेत पडला आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून डोक्याला टॉवेल बांधूनच बसतो.

थांबलात की हात लावू नका. घासणं बंद करूनही धुराची रेघ चालूच राहिली तर आत निखारा धरला आहे. ब्रेक जळल्यासारखा कडक वास नाही, भाजक्या लाकडाचा गोडसर वास येतो. अर्धा मिनिट तसंच ठेवा, मग पन्हळीत हळूच फुंकर घाला. भुग्याच्या पोटात लाल ठिपका दिसेल. हरभऱ्याएवढाच असतो, पण तेवढा पुरतो.

निखारा ठेवायचं घरटं आधीच करून ठेवलेलं असावं. भाताचं पिंजर चोळून मऊ करायचं, त्यात नारळाच्या सोडणाचा काथ्या, आणि मध्ये वाळलेल्या शेणीचा चुरा. सावरीचा कापूस घालून पाहिला, तो भस्सकन पेटतो आणि विझतो. शेणी पेटत नाही, धुमसते, आणि निखाऱ्याला तेच हवं असतं. ठिपका चुऱ्यावर ओता, पिंजर गुंडाळा, तोंडापेक्षा उंच धरून खालून लांब फुंका. धूर दाट, पांढरा झाला की ज्वाळ येते. लगेच खाली ठेवा, मिशा जातात.

हे सगळं मार्च ते मे जमतं. पाऊस सुरू झाला की हवेतच पाणी असतं, तेव्हा काड्यापेटीच बरी. आणि हे आपल्या कापलेल्या शेतात करा, भोवतालचं गवत चार पावलं खरवडून, पाण्याची घागर जवळ ठेवून. भीमगडच्या अभयारण्याकडे चुकूनही नको. कळकाची बेटं एकमेकांना घासून वणवा लागतो असं जुनी माणसं सांगतात. मी पाहिलेल्या प्रत्येक वणव्याच्या मागे मात्र कुणाची तरी विडी नाहीतर पेटवून सोडलेला बांध होता.

चहा झाला की राखेवर घागर ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हात घालून गार लागते का बघा. पातं-पन्हळीची जोडी टाकू नका. आमची चुलीवरच्या माळ्यावर असते, धुरात आणखी वाळते. पुढच्या वेळी जुन्या खाचेचा गुळगुळीत झालेला काळा थर खरवडून टाका, नाहीतर पातं नुसतं घसरतं.